येताना आईबापाला घेऊन या

बाबा गेले तो मंगळवार होता. मंगळवारी त्यांची डायलिसिसची पाळी असायची. सहा वाजता मी ऑटोवाल्या शंकरला फोन करून आज येऊ नको म्हणून सांगितलं. "मंग शुक्रवारी येऊ?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नको.

दोन महिन्यांनी, जुलैत, मी माझं स्वतःचं आयकर विवरणपत्र भरायला बसलो. अवलंबित व्यक्तीच्या जागी बाबांची माहिती भरली. नातं वडील, आजार मूत्रपिंडाचा. त्यात चूक काही नव्हती. विवरणपत्र नेहमी मागच्या वर्षाचं असतं, आणि मागच्या वर्षी बाबा होते. आमच्या धंद्यात माणूस एक वर्ष उशिरा जातो.

हा लेख मागवताना संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, की धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. वरची सुरुवात त्यात बसत नाही, हे मला कळतं. पण माझ्या धंद्यातल्या बहुतेक गमती बाबांच्या खुर्चीच्या आसपास घडल्या. त्यांना गाळून लिहायचं तर पान कोरंच राहील.

मी वर्ध्यात लोकांची आयकराची विवरणपत्रं भरतो. तीसेक वर्षं झाली. येणाऱ्यांत शिक्षक जास्त, मग बँकेतले, काही दुकानदार. अर्धं गाव मला वकीलसाहेब म्हणतं. मी वकील नाही. काळा कोट मी फक्त दुसऱ्यांच्या अंगावर पाहिला आहे. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. मग एका शिक्षकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "राहू द्या ना साहेब, आमाले बरं वाटते." तेव्हापासून राहू दिलं.

ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एका भिंतीला कायद्याची पुस्तकं, उरलेल्या तीन भिंतींना उरलेली. लोक त्या तीन भिंतींकडे पाहून विचारतात, "हे सगळे टॅक्सचेच का?" मी हो म्हणतो. मग फी कमी करा म्हणायला ते जरा कचरतात. लग्न मी केलं नाही. आई गेल्यावर बाबा सिंदीहून माझ्याकडे आले आणि त्या घरात आम्ही दोघं झालो.

बाबा सिंदी रेल्वेला एका जिनिंगमध्ये काटाबाबू होते. कापसाची गाडी आली की ती भरलेली तोलायची, कापूस उतरला की रिकामी तोलायची, वजाबाकी करायची आणि चिठ्ठीवर सही करायची. त्या सहीवर शेतकऱ्याला पैसे मिळत. आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं. नियम एकच होता. डोळ्यांदेखत तोललं नाही, त्यावर सही नाही. एकदा मालकाच्या साळ्याची गाडी फाटकाबाहेरच कुठे तरी रिकामी झाली आणि चिठ्ठी तेवढी आत आली. साळा ओरडला, मालकाचं नाव सांगितलं, चहा मागवला. बाबा म्हणाले, "गाडी घेऊन येजो, सही घेऊन जाजो." चहा मात्र प्यायले.

वर्ध्याला आल्यावर चार दिवस ते गप्प होते. पाचव्या दिवशी आतली लाकडी खुर्ची उचलून त्यांनी पुढच्या खोलीत दाराशी ठेवली आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. त्यांना तिथे बसा असं मी म्हटलं नव्हतं. महिन्याभरात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची आधी त्यांच्यासमोर हजेरी लागू लागली. कोन्या गावचे? माय हाये? बाप हाये? काय करते? एवढं झालं की मान हलवून ते त्याला आत सोडत. काट्यावरची गाडी पुढे घ्या म्हणावं तसं.

आता थोडा कायदा सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकांचा समज आहे, की आईवडिलांना सांभाळलं की सरकार करात सूट देतं. तसं नाही. जेवू घालण्याला सूट नाही, औषधपाण्याला आहे. तिचे दोन प्रकार आहेत. आईवडिलांचा आरोग्य विमा तुम्ही भरला, किंवा विमा नसलेल्या साठीपुढच्या आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च केला, तर काही मर्यादेपर्यंत तो तुमच्या उत्पन्नातून वजा होतो. इथे ते तुमच्यावर अवलंबून असायला हवेत असं नाही. पैसे तुम्ही दिले, एवढं पुरतं. दुसरा प्रकार यादीतल्या मोठ्या आजारांचा. कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं, असे. तिथे मात्र आजारी माणूस तुमच्यावर 'पूर्णतः किंवा मुख्यत्वे' अवलंबून असावा लागतो आणि तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते. याहून जास्त कायदा वाचकांना लागणार नाही.

बाबा येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा नाचणगावचं प्रकरण झालं. दोन भाऊ. थोरला शिक्षक, धाकटा जवळच पुलगावला नोकरीत. दोघं माझ्याकडे येत, पण वेगवेगळ्या दिवशी, कारण दोघांचं बोलणं नव्हतं. त्या वर्षी थोरल्यानं आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बिल आणलं. तीन दिवसांनी धाकट्यानं त्याच बिलाची झेरॉक्स आणली. मी दोघांनाही विचारलं, आई कोणाकडे असते? दोघंही म्हणाले, माझ्याकडे. आणि दोघंही खरं बोलत होते. पोळ्यापासून होळीपर्यंत म्हातारी थोरल्याकडे असे, होळीपासून पोळ्यापर्यंत धाकट्याकडे.

"रविवारी या," मी दोघांना सांगितलं, "आणि येताना आईला घेऊन या."

रविवारी तिघं एकाच ऑटोतून उतरले. मध्ये आई. ती बसली, खोलीभर नजर फिरवली, तीन भिंतींवरच्या पुस्तकांना हात जोडले.

"आजी," मी विचारलं, "डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे कोणी दिले?"

"कोन देईन? मीच देल्ले." म्हातारीनं आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं. "दोन म्हशी हायेत ना माह्या. पोळ्याले माह्यासंगं थोरल्याकडं जाते, होळीले धाकट्याकडं येते. हे दोघं बी फुकट दूध पेते वरीसभर. नातवाईची फी कोन भरते, तेवढं विचारा त्याहीले!"

थोरला पंख्याकडे पाहू लागला, धाकटा चपलेकडे. मी दोघांच्याही अर्जातून आई काढून टाकली. दाराशी वर्तमानपत्राआड बाबांचे खांदे हलत होते. ते लोक गेल्यावर म्हणाले, "बुढीवर दोन पोट्टे अन् दोन म्हशी अवलंबून हायेत. तिले सूट देत नाई का सरकार?"

त्या रविवारनंतर मी माझा नियम केला. आईवडिलांच्या नावावर वजावट मागायची, तर त्यांना एकदा माझ्यासमोर घेऊन यायचं. मी एक कागद तयार केला: 'मी माझ्या मुलावर/मुलीवर अवलंबून आहे. माझ्या दवाखान्याचा खर्च तो/ती करतो/करते.' खाली सही किंवा अंगठा. शाईचा पॅड आणला. पहिल्या प्रकारात अवलंबून असण्याची अट नाही हे मला माहीत होतं, पण एकच कागद दोन्हीकडे चालवला. दोन कागद करायचा आळस, दुसरं काही नाही. खरं म्हणजे कायद्यात असा कागद कुठेच मागितलेला नाही. तो माझ्या मनचा होता. मी ते कोणाला सांगितलं नाही. बाबा दाराशी बसून प्रत्येकाला ठासून सांगायचे, "मायबाप आनल्याबिगर काम होत नाई, सरकारचा नियम हाये." तेही मी दुरुस्त केलं नाही.

पुढे पंधरा-सोळा वर्षं जुलै आला की माझ्या पुढच्या खोलीत म्हातारी माणसं येत. धुतलेलं धोतर, ठेवणीतलं लुगडं. काहींना वाटे, सरकारकडून काही तरी मिळणार आहे. एका आजींनी अंगठा देताना विचारलं, "याच्यानं पोराले शाबासकी भेटन का?" मी म्हणालो, थोडा कर वाचेल. "मंग दोन अंगठे घ्या," त्या म्हणाल्या. एका निवृत्त हवालदारांनी उभं राहून सही केली. आणखी एकांनी सही करता करता पेन थांबवलं. "जावई काईच देत नाई, हे बी लिहून घ्या." तशी जागा कागदात नाही म्हटल्यावर ते नाराज झाले आणि मागच्या बाजूला स्वतःच लिहून गेले.

सगळेच असे नव्हते. सेलूकडचे एक शिंपी होते. मुलगा बँकेत. म्हाताऱ्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि पेन माझ्यासमोर आडवं ठेवलं. "मी अजून कपडे शिवून राह्यलो," ते म्हणाले. एवढंच. उठून सावकाश बाहेर गेले. मुलगा शरमून मागे धावला. तो मुलगा नंतर माझ्याकडे आला नाही. त्या दिवशी मला वाटलं, काय अडेल माणूस आहे. बाबा दाराकडे पाहत होते.

मग बाबांची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवार आणि शुक्रवार. जुलैत मी माझं विवरणपत्र काढलं आणि तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला. सही न घेताही मला वजावट मागता आली असती. डॉक्टरची चिठ्ठी होती, बिलं होती. पण नाचणगावच्या म्हातारीपासून सगळ्यांना लावलेला नियम स्वतःच्या घरी सोडायचा, हे मला जमेना.

बाबांनी कागद वाचला.

"अवलंबून? मी?"

मी पेन पुढे केलं.

"सकाळी दूध कोन आनते?"

"तुम्ही."

"पेपरचे पैसे कोन देते?"

"तुम्ही."

"तुले उठवते कोन? तू तं पुस्तक तोंडावर घेऊन नऊ वाजेपर्यंत लोळत राह्यशीन."

"तुम्हीच."

"मंग?" त्यांनी कागद परत सरकवला. "हे तोललं नाई कोनं. मी सही करत नाई, वसंता."

त्यांची बारीकशी पेन्शन होती. ती दुधाला, वर्तमानपत्राला आणि महिन्यातून दोनदा न्हाव्याला पुरत असे. त्यापलीकडे ते माझ्याकडे कधी एक रुपया मागत नसत. डायलिसिसबद्दल मात्र बोलणं होत नसे. दवाखान्यात मी काउंटरवर गेलो की ते मुद्दाम दुसरीकडे पाहत.

त्या जुलैत मी वजावटीशिवाय कर भरला. पुढच्या जुलैतही. गावातल्या शंभर लोकांचा कर वाचवणारा माणूस स्वतःचा पुरा भरत होता, हे त्याच्या वडिलांना समोर दिसत होतं. आणि वडिलांना काय दिसतं आहे, हे मला. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

मग एका शुक्रवारी शंकरचा ऑटो दारात येऊन उभा राहिला आणि बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "आज बरं वाटून राह्यलं. एक पाळी सोडून पाहू." मी समजावलं. शंकरनं समजावलं. ते वर्तमानपत्र वाचत राहिले. पुढच्या शुक्रवारीही तेच. मंगळवारी दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असं पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही. परत येताना ऑटोत बाबांनी विचारलं, "एका पाळीचे किती घेते रे ते?" मी सांगितलं. त्यांनी ओठ हलवून काही तरी गुणलं आणि बाहेर पाहू लागले. तेव्हा मला कळलं, की बरं वाटण्याशी शुक्रवारचा काही संबंध नव्हता. कागदावर सही केली नसली, तरी वजन त्यांनी मनात केव्हाच करून टाकलं होतं, आणि आता ते गाडीतला माल कमी करत होते.

त्यांना काय सांगावं, ते मी शोधत राहिलो. तीन भिंतींतल्या एकाही पुस्तकात सापडलं नाही. अशात जुलै लागला आणि कौसल्याबाई आल्या.

कौसल्याबाई नालवाडीच्या. त्यांची सून सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माझ्याकडे नव्यानं आली होती. फोनवर म्हणाली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याची सूट मिळते ना? मी सवयीनं म्हणालो, येताना आईला घेऊन या. दारातून आधी काठी आत आली, मग कौसल्याबाई, मग सुनंदा. बाबांनी विचारायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं, "नालवाडीची हाओ. हा उजवा नवा हाये, डावा जुनाच हाये." आणि समोरच्या बाकावर बसून घेतलं.

मी बिलं पाहिली. पैसे सुनंदाच्या खात्यातून गेलेले. आधार कार्ड पाहिलं. आडनाव सारखं, त्यावरून मला शंका आली; लग्न झालेल्या मुलीचं आणि तिच्या आईचं आडनाव सहसा एक नसतं.

"या तुमच्या आई?"

"सासूबाई," सुनंदा म्हणाली.

"आणि मिस्टर?"

"ते वारले. सहा वर्षं झाली."

मी बिलं खाली ठेवली. हे सांगायची पाळी माझ्यावर आधीही आली होती, पण समोर सासू बसलेली असताना कधी आली नव्हती. "मॅडम, याची वजावट तुम्हाला मिळणार नाही. कायदा आईवडील म्हणतो तो स्वतःचे. सासू-सासरे त्यात येत नाहीत."

सुनंदानं मान डोलावली आणि बिलं पिशवीत भरायला लागली. कौसल्याबाईंनी तिचा हात धरला.

"काऊन येत नाई?"

"कायद्यात तसं आहे."

"वकीलसाहेब, माहा लेक गेला. ह्या पोरीले माहेरचे न्याले आलते. गेली नाई. मले ठेवलं हिनं. हिच्या पगारावर माहा गुडघा झाला. मंग मी हिच्यावर अवलंबून नाई तं कोनावर हाओ? सरकारवर?"

"आई, राहू द्या ना," सुनंदा हळूच म्हणाली.

"राहू काऊन देऊ? कागद कुठं हाये तो? फोनवर म्हनले ना तुमी, बुढीची सही लागते. द्या इकडं. सही येते मले."

दाराशी वर्तमानपत्र खाली आलं. "बाई," बाबा म्हणाले, "अशी कागदावर लिहून द्याची काय हौस?"

"हौस कायची, काकाजी? खरं हाये ते खरं हाये." बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमी वकीलसाहेबाचे वडील ना? मंग तुमी तं कवाच लिहून देल्लं असन."

मी कॅलेंडरकडे पाहिलं.

"देल्लं का नाई?"

"विचार करून राह्यलो," बाबा म्हणाले.

"किती दिस?"

"दोन वरीस."

"मायबाई! दोन वरसात माहे दोन्ही गुडघे झाले असते!"

सुनंदाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला. बाबा हसले नाहीत. मी परिस्थिती सावरावी म्हणून घाईनं म्हणालो, "कौसल्याबाई, तुमच्या सहीचा उपयोग नाही हो. सरकारला तो कागद लागत नाही. तसं पाहिलं तर सरकारला कोणाचाच लागत नाही."

बाबांनी वर्तमानपत्र घडी करून मांडीवर ठेवलं.

"काय म्हन्ला?" बाबा.

"काही नाही."

"सरकारचा नियम नाई हा?"

"नाही. माझा आहे. नाचणगावच्या भावांनंतर केलेला."

"म्हन्जे पंधरा वर्षं मी दारात बसून लोकाईले खोटं सांगून राह्यलो?" बाबांचा आवाज असा चढलेला मी सिंदी सोडल्यापासून ऐकला नव्हता. "सरकारचा नियम, सरकारचा नियम! अन् तू आयकून घेत होता?"

"हो."

"हे तं ब्येसच झालं," कौसल्याबाई मध्येच म्हणाल्या. "सरकारचा नाई, तुमच्या मनचा हाये, तं तुमच्या मनच्या कागदात सासू बी चालन. द्या इकडं."

मी कागद दिला. त्यांनी 'मुलीवर' या शब्दावर बोट ठेवून सुनंदाला विचारलं, इथं सून लिहावं का? सुनंदा म्हणाली, तुम्हाला वाटेल ते. बाईंनी तो शब्द तसाच ठेवला आणि खाली एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग कागद लांब धरून पाहिला. "झेरॉक्स द्या याची. घरी ठेवन ही." सुनंदाचे डोळे भरून आले होते, पण ती बिलांच्या पिशवीची गाठ मारत होती.

जाताना दारात काठी थांबली. "काकाजी, विचार झाला का सांगजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणल्यावर बाबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "आन तो कागद."

"गरज नाही, बाबा. आता कळलंच ना तुम्हाला."

"लोकाईले ज्या काट्यावर चढवलं, त्याच्यावर आपली बी गाडी चढली पायजे. आन."

मी कागद आणि कायद्याचं पुस्तक दोन्ही आणलं. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं.

"मुख्यत्वे म्हन्जे किती?"

"अर्ध्याहून जास्त, असं धरतात."

"कायच्या अर्ध्याहून?"

"खर्चाच्या."

"खर्चाच्याच ना? दूध आनन्याच्या नाई, तुले उठवन्याच्या नाई, दारात बसन्याच्या नाई?"

"नाही. फक्त पैशाच्या."

"मंग तसं लिहाले काय झालं होतं तुले?" ते म्हणाले. "एवढे पुस्तकं वाचून राह्यला. त्या शिंप्याले काय वाटलं असन, इचार केला कधी?"

शिंपी सही न करता उठून गेले, त्याला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. बाबा विसरले नव्हते. त्यांनी माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि 'मी' या शब्दापुढे, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात घातलं: 'पैशापुरता'. मी पैशापुरता माझ्या मुलावर अवलंबून आहे. मग ते पुन्हा सगळं वाचून गेले, चिठ्ठी वाचत तसं, ओळीखाली बोट धरून. सही केली. सहीखाली तारीख, तारखेखाली वेळ; काट्याच्या चिठ्ठीवर वेळ टाकायची त्यांची सवय होती.

"शंकरले फोन कर," ते म्हणाले. "शुक्रवारी टाइमावर येजो म्हना."

त्यानंतर त्यांनी एकही शुक्रवार सोडला नाही. काउंटरवर माझ्या शेजारी उभे राहू लागले. पावती हातात घेऊन आकडा वाचत आणि एखादी इंजेक्शनची रक्कम दोनदा लागली असेल तर तिथल्या मुलीला चष्म्यावरून विचारत. दोनदा त्यांनी तशी चूक पकडलीही. परत येताना ऑटोत तो दिवस त्यांचा चांगला जायचा.

मी कागद नव्यानं छापून घेतला, बाबांच्या शब्दासकट. फरक मला लगेच दिसला. आधी म्हातारी माणसं सही करून कागद माझ्याकडे सरकवत आणि मुलाकडे न पाहता उठत. आता ती शब्दावर थांबत, मोठ्यानं वाचत. "पैशापुरता! हां, हे बराबर हाये," असं म्हणून मुलाकडे पाहत. आधीच्या कागदावर किती जणांनी मान खाली घालून सही केली असेल, याचा हिशेब मी करत नाही. सेलूच्या बँकेत चौकशी करून मी त्या शिंप्यांच्या मुलाला नवा कागद पाठवला. त्यानं फोन केला. म्हणाला, बाबा मागच्या थंडीत गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत मशीनवर बसत होते. मग जरा थांबून म्हणाला, "पण कागद चांगला केला तुम्ही."

सुनंदाला वजावट मिळाली नाही. अजूनही मिळत नाही. मी दोन ठिकाणी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. आलं असतं तरी काय आलं असतं, ते मला माहीत आहे.

आणि आता नवी कररचना आली आहे. तिच्यात दर कमी, पण या वजावटी नाहीत. बहुतेकांना तीच परवडते. मीच त्यांना तसं सांगतो, कारण ते खरं आहे. त्यामुळे आईबापाला घेऊन या असं म्हणायचं कारण उरलेलं नाही. लोक मोबाइलवर कागद पाठवतात, मी भरतो, त्यांना मेसेज जातो. शाईचा पॅड वाळून गेला. धंदा सोपा झाला आहे, आणि जुलैमध्ये मला पूर्वीपेक्षा जास्त वाचायला मिळतं.

जुना कागद लागत नसला, तरी फाइल मी ठेवली आहे. तिच्यात शेवटी दोन कागद एकामागे एक आहेत. बाबांचा वापरला. कौसल्याबाईंचा कुठेच लागला नाही.

बाबांची खुर्ची दाराशीच आहे. दर जुलैत सुनंदाच्या कामाचं निमित्त करून कौसल्याबाई येतात. आता डावा गुडघाही नवा आहे. येतात त्या थेट खुर्चीवर बसतात. कोणी तरुण माणूस प्रिंट घ्यायला आला, तर त्याला अडवून विचारतात, "माय हाये? बाप हाये?" तो हो म्हणाला की विचारतात, "मंग आनलं काऊन नाई?" तो गोंधळून माझ्याकडे पाहतो. मी काही दुरुस्त करत नाही.

सकाळी मी आपोआप सहाला उठतो. दूध आता मी आणतो.